सह्याद्रीतला दर्या

आमच्या घरात घासलेली भांडी टोपलीत पालथी घालायची एक पद्धत होती. पातेली खाली, वर वाट्या, ताटं कडेला उभी, चमचे वेगळ्या पेल्यात. पद्धत माझी होती आणि ती पाळणारीही मी एकटीच. नवऱ्याने कधी हौसेने भांडी घासली की मी तोंडावर काही बोलायचे नाही. रात्री सगळे झोपले की उठायचे आणि आवाज न करता टोपली पुन्हा लावायचे. याला आमच्याकडे 'बाई फार टापटिपीची' असं म्हणतात, तेही कौतुकाने. त्यामुळे हे दुखणंही असू शकतं हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. आणि ते कळलं भांड्यांमुळे नव्हे, पीएच.डी.मुळे.

हे लिहायचं कारण म्हणजे कॉलेजातल्या माझ्या दोन मैत्रिणींची नोंदणीची मुदत यंदा संपतेय आणि दोघीही "अजून जरा नीट करून देते" या वाक्यात अडकून बसल्यात. ते वाक्य मी सहा वर्षं म्हटलंय. म्हणून तारखांसकट सगळं सांगते.

मी साताऱ्यात राहते आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. पीएच.डी.ला प्रवेश जुलै २०१७ मध्ये घेतला. विषय होता पाटण आणि जावळी तालुक्यांतल्या जात्यावरच्या ओव्या. या विषयात हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात. आज त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला, वाचायला मिळतात. एवढं मोठं काम समोर असताना आपलं इवलंसं काम तरी निर्दोष असावं, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. घोडं पेंड खाल्लं ते इथेच.

२०१८ च्या दिवाळीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत एसटीने नऊ गावं फिरले. सव्वीस बायकांकडून ६४० ओव्या टिपल्या. त्यातल्या एका आजींबद्दल सांगायलाच हवं. कोयनेच्या अंगाचं गाव, वय ऐंशीच्या पुढे. जातं कधीच मोडीत निघालेलं. "जात्याबिगर सुचत न्हाई बग," म्हणाल्या. मग आतून परात आणली, जमिनीवर पालथी घातली, तिच्यावर हात ठेवून गोल फिरवायला लागल्या. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला ओवी आली. त्या दुपारी एकतीस ओव्या म्हणाल्या. निघताना दारात म्हणाल्या, "पुस्तक झालं की मला दाव." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की आणते, आजी."

मग टाळेबंदी लागली. निवांत लिहायला याहून बरी संधी कुठली मिळणार? मी पहिलं प्रकरण लिहायला घेतलं आणि २०२३ पर्यंत पहिलंच प्रकरण लिहीत होते. संगणकात त्याच्या एकेचाळीस प्रती आहेत. अडतिसाव्या आणि एकोणचाळिसाव्या प्रतीतला फरक मी नंतर शोधून पाहिला. एक स्वल्पविराम हलवला होता, आणि एका ठिकाणी 'तथापि'चं 'मात्र' केलं होतं. रेकॉर्डिंगवरून ओव्या उतरवण्याचं तर विचारूच नका. एकेक ओवी नऊ-नऊ वेळा ऐकायची. आजी 'बंधू' म्हणाल्या की 'बंदू', यात दुपार जायची.

दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती अहवाल द्यावा लागतो. सहा वर्षांत बारा अहवाल झाले. शेवटच्या सहांमध्ये मी जवळपास एकच वाक्य लिहिलंय: 'प्रकरण १ चे अंतिम संस्करण सुरू आहे.' समितीतले लोक मान डोलवायचे, कारण बाकी माझी फाइल फार सुबक असायची.

सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, दर वेळी म्हणायचे, "बाई, खर्डा द्या." सर मूळचे कोल्हापूरचे. एकदा वैतागून म्हणाले, "अहो, खर्डा म्हणजे खर्डाच असतो. मिरच्या तव्यावर भाजायच्या आणि तिथंच जाडसर रगडायच्या. मिक्सरमधून काढला की त्याची चटणी होते. तुम्ही मला थेट चटणी द्यायला बघताय, आणि मिरच्या अजून भाजल्याच नाहीत." मी हसले आणि घरी जाऊन परत स्वल्पविराम हलवायला बसले.

जुलै २०२३ मध्ये सहा वर्षं भरली. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांत महिला संशोधकांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. मात्र ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो आणि तो मुदत संपायच्या आत करावा लागतो. मी संपायला नऊ दिवस असताना केला, कारण अर्जासोबतचं 'विलंबाचे कारण' हे पान मी तीनदा लिहून फाडलं होतं. सरांची शिफारस, संशोधन केंद्राच्या प्रमुखांची सही, नोंदणीपत्र, सगळ्या प्रगती अहवालांच्या प्रती आणि चार हजार रुपयांचं चलन. चलनाची झेरॉक्स आपल्याकडे ठेवा. तीन महिन्यांनी मला 'शुल्क भरल्याचे दिसत नाही' असं पत्र आलं तेव्हा त्या झेरॉक्सनेच तारलं. नवी मुदत मिळाली जुलै २०२५.

त्यात आणखी एक गाठ होती. सर ३१ मे २०२५ ला निवृत्त होणार होते. निवृत्तीनंतर ते सहमार्गदर्शक म्हणून राहू शकतात, पण मुख्य मार्गदर्शक दुसरे शोधावे लागतात. म्हणजे माझी खरी मुदत मेअखेरची होती.

तरीही मी हलले नाही. हलले ते जानेवारी २०२४ मध्ये. संक्रांतीनंतरच्या रविवारी दोन ओव्यांचे उच्चार पक्के करून घ्यायला आजींच्या गावी गेले. सोबत तिळगूळ होता. सूनबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "आत्या गेल्या की. भादव्यात." चहा केला, तिळगूळ घेतला, काही बोलल्या नाहीत. परतीच्या एसटीत माझ्या मांडीवर पहिल्या प्रकरणाची एकेचाळिसावी प्रत होती आणि त्यात आजींची एकही ओवी नव्हती. ओव्या तिसऱ्या प्रकरणात येणार होत्या.

पुढचे तीन आठवडे झोप नव्हती. फेब्रुवारीत एका रात्री दोनच्या सुमारास मी १४४१६ हा नंबर लावला. ही 'टेली मानस' नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली. फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं की आपलं हे कारण ऐकून पलीकडचा माणूस हसेल. "पीएच.डी. लिहून होत नाही" म्हणून कोणी हेल्पलाइनला फोन करतं का? पलीकडच्या बाई वीस मिनिटं शांतपणे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यात 'चुकता कामा नये' किती वेळा आलं, मोजलंत का?" जवळच्या समुपदेशकाकडे जाऊन या, असं त्यांनीच सुचवलं. जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे खर्च जवळपास नसतो. मी मात्र ओळखीचं कोणी भेटेल या भीतीने खासगीत गेले. ओळखीचं भेटायचं ते तिथेही भेटलंच, तासगावची मामेबहीण. दोघी एकमेकींना बघून खूप हसलो.

समुपदेशक मॅडमशी पहिली भेट शनिवारी, १७ फेब्रुवारी २०२४ ला. एका भेटीचे सातशे रुपये. एकूण अकरा भेटी झाल्या, त्यातल्या चार फोनवर.

मॅडम विवेकनिष्ठ मानसोपचार वापरायच्या. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धत. आपल्याकडे ती कि. मो. फडके यांनी रुजवली. मुद्दा तसा साधा आहे. घटना घडते, तिच्याबद्दल आपण मनाशी काही समज करून घेतो आणि त्रास होतो तो घटनेपेक्षा त्या समजाचा. माझी घटना: सर प्रकरण मागतात. माझा समज मॅडमनी मला कागदावर लिहायला लावला. मी लिहिलं: 'प्रकरण उत्तमच झालं पाहिजे, कुणालाच त्यात चूक सापडता कामा नये, मी मराठीची बाई आहे, माझीच चूक निघाली तर ती नामुष्कीच.'

मॅडमनी लाल पेनाने प्रत्येक 'च'भोवती गोल काढला. चार निघाले. "आता हे च काढून वाचा," म्हणाल्या. 'प्रकरण उत्तम झालं पाहिजे.' वाचलं आणि गंमत वाटली. वाक्य तेच होतं, पण छातीवरचा धोंडा जरा सरकल्यासारखा झाला. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, 'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून फळ्यावर लिहिलं. ते माझ्या मानगुटीवर बसलंय, हे कोणी बाहेरच्याने दाखवावं लागलं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. परफेक्शनिझम, म्हणजे अचूकपणाचा हा सोस, तीन दिशांनी येतो: आपली स्वतःकडून असलेली अपेक्षा, दुसऱ्यांकडून असलेली, आणि लोक आपल्याकडून अचूकपणाचीच अपेक्षा धरतात अशी आपली समजूत. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये केलेली ही विभागणी आहे. पहिली माझ्यात आहे हे मला माहीत होतं. दुसरी भांड्यांच्या टोपलीत होती. पण खरी पाय रोवून बसलेली होती ती तिसरी. मराठीच्या बाईंचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर लोक काय म्हणतील?

पहिला गृहपाठ: दिवसभरात किती 'च' येतात ते वहीत टिपायचं. पुढच्या भेटीला मी वही घेऊन गेले. पट्टीने आखलेले पाच रकाने, दोन रंगांची शाई, शेवटी आठवड्याची बेरीज. मॅडमनी वही उघडली आणि हसू आवरेना त्यांना. "अहो, हासुद्धा तुम्ही परफेक्टच केलात!" मला आधी राग आला, मग मीही हसले. पुढच्या आठवड्यात पाठकोऱ्या कागदांवर टिपायचं ठरलं. ते मला वहीपेक्षा जड गेलं.

दुसरा गृहपाठ त्याहून वाईट. लाज वाटेल असं काहीतरी मुद्दाम करायचं आणि आभाळ कोसळतं का ते बघायचं. मला नेमून दिलेलं काम असं: कॉलेजच्या व्हॉट्सॲप गटावर एक चूक ठेवून मेसेज पाठवायचा. शंभरेक लोकांचा गट, त्यात दोन निवृत्त मराठी प्राध्यापक. मी लिहिलं, 'उद्या सकाळी ११ वाजता विभागाची मिटींग आहे.' 'मीटिंग'चं 'मिटींग', म्हणजे एकाच शब्दात दोन चुका. पाठवला आणि फोन पालथा ठेवून कणीक मळायला गेले. पोळ्यांचे नकाशे झाले त्या दिवशी. अर्ध्या तासाने पाहिलं तर सतरा अंगठे आणि एक प्रश्न: 'चहा आहे का?' कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. निदान कोणी म्हटलं तरी नाही.

घरात भांड्यांचा प्रश्न होताच. मॅडम म्हणाल्या, रात्री उठायचं नाही, बस. पहिल्या रात्री मी पावणेदोनपर्यंत जागी होते. टोपलीत कढई सगळ्यांच्या वर उताणी आहे हे मला पलंगावरून दिसत नव्हतं, पण माहीत होतं. सकाळी कढईत पाणी साचलेलं. नवऱ्याने ते ओतलं, फडक्याने पुसली आणि पोह्यांना फोडणी दिली. हे सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. मी बघत उभी होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. काय सांगणार?

एप्रिलपासून लिखाणाला हात घातला. पद्धत मॅडमनी आणि मी मिळून ठरवली. फोनवर पन्नास मिनिटांचा गजर. तेवढ्या वेळात फक्त पुढे लिहायचं, मागच्या परिच्छेदावर जायचं नाही. शब्द सुचला नाही तर तिथे चौकट काढून पुढे जायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रकरण सुरू करायच्या आधी एका चिठ्ठीवर लिहायचं की काय झालं म्हणजे हे 'झालं'. तिसऱ्या प्रकरणाच्या चिठ्ठीवर होतं: चाळीस पानं, शंभर ओव्या, प्रत्येक ओवी कोणी आणि कुठे म्हटली ते, आणि शेवटी दोन पानं माझं म्हणणं. 'उत्तम' हा शब्द चिठ्ठीवर चालायचा नाही. ही युक्ती मी अजून वापरते, दिवाळीच्या फराळालासुद्धा.

१४ जून २०२४ ला सरांना पहिला खरा खर्डा दिला. आत बावीस रिकाम्या चौकटी होत्या. देताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू? सरांनी आठ दिवसांत परत केला. बावीसपैकी पंधरा चौकटींत त्यांनी पेन्सिलीने शब्द भरले होते, दोनांत 'मलाही सुचत नाही', आणि पाच तशाच सोडल्या होत्या. त्या पाच चौकटींची वाक्यं मी काढून टाकली. कोणाचं काही अडलं नाही. वर कोपऱ्यात लिहिलं होतं: 'तिखट आहे. पुढचं आणा.' जवळपास सात वर्षांत मी सरांना वाचायला काही दिलंच नव्हतं, त्यामुळे ते इतके भराभर आणि इतकं चांगलं वाचतात हेच मला माहीत नव्हतं.

सप्टेंबरपर्यंत पाच प्रकरणं उभी राहिली. आणि मग फाँटचं लचांड निघालं.

ज्यांचं लिखाण जुनं आहे त्यांनी हे नीट वाचा. माझं २०२१ पर्यंतचं टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येईल अशा पद्धतीत, नव्हतं, डीटीपीवाल्यांच्या जुन्या फाँटमध्ये होतं. विद्यापीठाचं प्लॅजरिझम (वाङ्मयचौर्य) तपासणारं सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही, त्याला त्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. म्हणून सगळं युनिकोडमध्ये रूपांतरित करावं लागतं. ते फुकट होतं, पाच मिनिटांत होतं आणि सगळ्या 'ऱ्य'चं 'र्य' करून टाकतं. वाऱ्यावरचं वार्यावर, शेतकऱ्याचं शेतकर्या, साऱ्याचं सार्या. एका झटक्यात सगळे बदलता येत नाहीत, कारण सूर्य, कार्य, आचार्य हे बरोबर असतात. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतला फरक मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवते, स्वयंपाकी आणि पंडित. आता तो एकेक करून मला निवडायचा होता. शोधून पाहिलं, १,१४३ जागा.

पूर्वीची मी असते तर यात तीन महिने घातले असते. मॅडमनी विचारलं, "किती वेळ द्यायचा?" मी म्हटलं, चार संध्याकाळी, सात ते नऊ. चौथ्या संध्याकाळी नऊचा गजर वाजला तेव्हा तिसऱ्या प्रकरणाची बारा पानं राहिली होती. मी मॅडमना मेसेज केला, 'अजून एक दिवस घेऊ?' उत्तर आलं, 'तुमचं तुम्ही ठरवा.' फार चिडले मी. मग ती बारा पानं नुसती वरवर चाळली आणि संगणक बंद केला.

त्यानंतरचं भराभर सांगते. २० डिसेंबर २०२४ ला प्रबंध जमा करण्याआधीचं पूर्वसादरीकरण झालं. समितीने नऊ सूचना केल्या. त्यातल्या सहा मानल्या आणि उरलेल्या तीन सूचनांना कारणं देऊन नकार लिहिला. असा नकार देता येतो हेही मला नवीन होतं. जानेवारीत प्लॅजरिझमचा अहवाल आला: १३ टक्के मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळणारा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत चालतं. माझं तोंड उतरलं. ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, ओव्या अवतरणचिन्हांत नाहीयेत." प्रकाशित संग्रहांतून तुलनेसाठी घेतलेल्या ओव्या मी तिरक्या अक्षरांत दिल्या होत्या, अवतरणात नव्हे, कारण ते दिसायला सुंदर होतं. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची मोजणीतून वगळतात, पण आधी यंत्राला ती अवतरणं आहेत हे कळायला हवं ना. चिन्हं घातली, सहा टक्के झाले. ग्रंथपालांशी आधीच बोलून ठेवा, ते फार मदत करतात.

मांडणीला ५,५०० रुपये लागले. छपाई ३१८ पानं, पाच प्रती, पानाला दोन रुपये, म्हणजे ३,१८०. बांधणी प्रतीला ४५०. पुठ्ठ्यावरच्या सोनेरी अक्षरांना एक दिवस जादा लागतो, आणि मार्चमध्ये सगळ्या विद्यापीठाची बांधणी एकाच दुकानात असते, त्यामुळे चार दिवस धरा. जमा करायचं शुल्क साडेसात हजार. मुदतवाढ आणि समुपदेशन धरून हे शेवटचं दीड-दोन वर्षांचं प्रकरण तीस हजारांच्या थोडं वर गेलं. वार्षिक शुल्कं वेगळी.

२८ मार्च २०२५, शुक्रवार. पाडव्याच्या दोन दिवस आधी. खिडकीतल्या बाईंनी पाची प्रती मोजल्या, शिक्का मारला, पोचपावती दिली. सव्वा तास लागला, त्यातला एक तास जेवणाच्या सुट्टीचा.

परतीच्या एसटीत माझी प्रत उघडली. उघडू नका असं मॅडमनी बजावलं होतं. पान १४३, वरून चौथी ओळ: 'सह्याद्रीच्या दर्यांमध्ये वसलेल्या या वाड्यांत…'

दऱ्यांचा दर्या झाला होता. सह्याद्रीत समुद्र. पाच प्रती, सोनेरी अक्षरं, विद्यापीठाचा शिक्का आणि आत पाटण तालुक्यात लाटा. त्या बारा पानांतलंच पान. अंगाला घाम फुटला. उंब्रजपर्यंत मी 'परत जाऊन प्रती मागून घेते' याच विचारात होते. मग साताऱ्यात उतरले, भाजी घेतली, घरी आले. रात्री नवऱ्याला ते पान दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे यात चूक काय आहे?"

मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावं असा नियम आहे. माझे बाहेरच्या दोन परीक्षकांचे अहवाल सप्टेंबरअखेर आले, म्हणजे जेमतेम. या सहा महिन्यांत मी प्रबंध आणखी दोनदा वाचला, त्याबद्दल अभिमान नाही. तेवीस चुका सापडल्या. अर्थ बदलतो अशा अकरांचं शुद्धिपत्रक केलं. उरलेल्या बारा तशाच आहेत.

मौखिक परीक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला झाली. खुली असते, कोणीही येऊन बसतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिलंच वाक्य: "बाई, सह्याद्रीत दर्या कुठून आला?"

सगळा वर्ग हसला. दीड वर्षापूर्वीची मी तिथेच मेले असते. त्या दिवशी तोंडून निघालं, "फाँटमधून, सर." ते इतके मोठ्याने हसले की शुद्धिपत्रक पुढे करायचं मी विसरले, नंतर दिलं.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "तुम्ही प्रत्येक ओवीचा एकच पाठ दिलाय. बाकीचे पाठ कुठे गेले? सव्वीस बायका आणि ओवी मात्र एकेकच, हे मला खटकतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकच ओवी चार बायकांनी चार तऱ्हांनी म्हटली की मी त्यातली 'योग्य' ती निवडायचे आणि बाकीच्या गाळायचे. पहिल्या वर्षापासून तसंच करत आले होते. एकेचाळीस प्रती काढल्या, पण हे एकदाही डोक्यात आलं नाही. तसं सांगून टाकलं. सर मागच्या बाकावर होते, निवृत्तीनंतर आलेले. त्यांनी मान खाली घातली की हसू लपवलं, कळलं नाही. परीक्षक म्हणाले, "पुस्तक कराल तेव्हा ते करा," आणि पदवीची शिफारस वाचून दाखवली. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवायची सॉफ्ट कॉपी आणि विद्यापीठाची अधिसूचना यात आणखी महिना गेला.

डिसेंबरात आजींच्या गावी गेले. प्रबंध नाही नेला, तो कोण वाचणार? आजींच्या एकतीस ओव्यांची वेगळी छोटी वही करून घेतली होती, मोठ्या अक्षरांत, स्पायरल घालून, नव्वद रुपयांत. सूनबाईंनी हात पुसले, वही घेतली, बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागल्या. ओठ हलत होते. सातव्या ओवीला बोट थांबलं.

"असं न्हवत्या म्हणत आत्या."

तीच ओवी, जी मी नऊ वेळा ऐकली होती. म्हटलं, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, त्यात 'बंधू'च म्हणतायत. तोंडातून 'च' गेल्यावर कळलं.

"तुमच्याम्होरं म्हटलं आसंल. पावणं आल्यावर म्हणायचं न्यारं आन् रोजचं न्यारं." त्या उठल्या, आत गेल्या आणि परात घेऊन आल्या. जमिनीवर पालथी घातली, हात ठेवला आणि फिरवायला लागल्या. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. 'बंधू'च्या जागी 'भाईराजा' होता आणि पुढची अर्धी ओळही वेगळी.

मी पर्समधून पेन काढलं आणि छापलेल्या ओवीशेजारच्या कोऱ्या जागेत त्यांचा शब्द लिहिला. आधीचा खोडला नाही. परात फिरत होती आणि त्या पुढच्या ओवीवर गेल्या होत्या.